चाळिसाव्या वर्षी आलेला राग

गीतांजलीला पहिला खरा राग आला तेव्हा तिला चाळीस पूर्ण होऊन दोन-तीन महिने झाले होते. त्याआधी ती चिडत नव्हती असं नाही. लहानपणी भांडी आपटायची, एकदा शेजारच्या मुलाच्या दंडाला कडकडून चावलीही होती. पण घरचे त्याला राग म्हणत नसत. 'डोकं फिरलं तिचं' म्हणत आणि हातावर एखादी वडी ठेवत. वडी खाऊन ती गप्प बसे. राग यायला तो कोणाचा आणि कशाबद्दल हे माहीत असावं लागतं, आणि गीतांजलीला तर स्वतःच्याच आयुष्याबद्दल फार थोडं माहीत होतं.

ती दीड वर्षाची असताना तिला मोठा ताप आला. तापातून उठली ती मागून हाक मारली तर वळेनाशी झाली. नाव तोवर ठेवून झालं होतं. पुढे कोणी नवीन माणूस घरी आला, की मुलगी बहिरी आणि नाव गीतांजली हे कळल्यावर ओशाळून हसायचा, आणि आई विषय बदलायची.

वडील नीलकंठराव खमरियाच्या दारूगोळ्याच्या सरकारी फॅक्टरीत तपासनीस होते. मापात केसाएवढा फरक असला तरी वस्तू परत पाठवणारा माणूस. त्यांनी मुलीला नागपूरला नेलं. तिथल्या एका डॉक्टरांनी सांगितलं, की हिच्याशी हातवारे करू नका. हाताची सवय लागली की ही कधीच बोलणार नाही. नीलकंठरावांनी ते वाक्य घरात कायद्यासारखं लागू केलं. पाण्याकडे बोट दाखवलं तर पाणी मिळायचं नाही. 'पाणी' म्हण, मग पाणी. हात फारच हलायला लागले, तर दोन्ही हात मागे रुमालाने बांधून तिला आरशासमोर बसवायचे आणि स्वतःच्या ओठांकडे बोट करून शब्द म्हणायचे. आई, नर्मदाबाई, दाराशी उभी राहून बघायची. बाबा ड्यूटीवर गेले की पोरीला गुपचूप पाणी पाजायची, पण रुमाल ठेवलेला खण तिने कधी रिकामा केला नाही.

अशी आठ वर्षं गेली आणि गीतांजलीला चाळीसेक शब्द आले. ते घरच्यांनाच कळत. रस्त्यात तिचा आवाज ऐकून लोक वळून बघत, म्हणून मग बाहेर बोलायचं नाही हे तिला शिकवण्यात आलं. म्हणजे आधी हात बंद केले आणि मग तोंडही.

शाळा आठवीपर्यंत झाली. शहर हिंदी मुलखातलं, म्हणून हिंदी शाळा. फळ्यावर जे असेल ते ती जसंच्या तसं उतरवायची. अक्षर इतकं देखणं, की बाई तिची वही दुसऱ्या मुलींना दाखवायला नेत. त्यातलं काय कळलं, हे तिला कोणी विचारलं नाही. सुटे शब्द तिला ओळखता यायचे. केळं, बस, मंगळवार. वाक्य मात्र तिच्यासाठी दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखं होतं. ओळीने लागलेलं दिसायचं, कोणाचं काय ते कळायचं नाही. धाकट्या भावाच्या, योगेंद्रच्या, लग्नाच्या तीनशे पत्रिकांवर तिनेच पत्ते घातले होते, सुंदर अक्षरात. लग्न कोणाचं आहे ते तिला योगेंद्रला हळद लागली तेव्हा समजलं.

ओठांचे जे आकार तिला सगळ्यात चांगले वाचता यायचे, ते दोन. एक होता 'काही नाही'. जेवताना सगळे हसले की ती आईच्या कोपराला हात लावायची. आई म्हणायची, "काही नाही." घरात कोणी रडत असलं, कोणी भांडत असलं, तरी तेच. २०१९ मध्ये बाबांना दवाखान्यात नेलं तेव्हाही आईने तिच्याकडे बघून तेच म्हटलं. चौथ्या दिवशी तिने पाहिलं की शेजारणी पुढच्या खोलीतला पलंग बाहेर काढून राहिल्या आहेत आणि जमिनीवर चटई टाकून राहिल्या आहेत. तेव्हा तिला कळलं.

दुसरा आकार 'काहून'. तो दिसला की समोरच्याच्या कपाळाला आठ्या असायच्या. दूध उतू गेलं, काहून. उशीर झाला, काहून. तिची समजूत अशी होती की 'काहून' म्हणजे 'तू वाईट आहेस'.

घमापुरातल्या त्या घरात पुढच्या खिडकीशी तिचं शिलाई मशीन होतं. गल्लीतल्या बायका साड्या आणून देत, ती फॉल-पिको करून देई. एका दुपारी दारात डिलिव्हरीवाला आला. योगेंद्रची बायको, दीप्ती, न्हाणीघरात होती, म्हणून गीतांजली उठली. बत्तीस-तेहतीस वर्षांचा माणूस, गळ्यात एक पट्टी, तिच्यावर छापलेलं, 'मैं सुन नहीं सकता'. 'मैं' आणि 'नहीं' तिला वाचता आलं. त्याने पट्टीवर बोट ठेवलं आणि मग कानावर. ती बघतच राहिली. मग घरात कोणी पाहत नाही ना, असं मागे वळून बघून तिने आपल्याही कानावर बोट ठेवलं.

त्याचं नाव अनुपम. त्याचे हात एकदम भरभर चालायला लागले. गीतांजलीने आपले दोन्ही हात पाठीमागे नेले. अनुपम थांबला. बहुतेक हे त्याने आधी कुठेतरी पाहिलं होतं. त्याने फोन काढला, व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर एक तरुण मुलगी आली. दोघांचे हात चालले आणि मग दोघं हसली. हसण्याचं कारण गीतांजलीला समजलं नाही, पण एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. ऐकू न येणाऱ्या दोन माणसांपैकी एकाने काहीतरी गंमत सांगितली होती आणि दुसऱ्याला ती समजली होती, आणि 'काही नाही' असं कोणी म्हटलं नव्हतं.

अनुपमने पार्सलच्या कागदामागे खुणांच्या भाषेच्या वर्गाचा पत्ता लिहून दिला. भिंतीवरच्या कॅलेंडरात रविवार दाखवला, घड्याळात अकरा.

"काय गरज आहे?" योगेंद्र संध्याकाळी म्हणाला. "हे लोक रस्त्यावर हातवारे करत फिरतात. बाबांनी आयुष्यभर मेहनत घेतली, ती वाया घालवायची का?"

दीप्ती बालाघाटची. मराठी पूर्ण समजायची, बोलताना मध्येच हिंदी यायची. ती म्हणाली, "मी घेऊन जाते. देखने में क्या जाता है?"

रविवारी तिने नणंदेला स्कूटरवर बसवलं आणि रांझीला नेलं.

मिठाईच्या दुकानाच्या वर एक खोली होती. बारा-तेरा माणसं गोल बसलेली. शिकवणारी तीच फोनमधली मुलगी, यशश्री. वय सव्वीस, जन्मापासून बहिरी, आईवडीलही बहिरे. तिला घरात भाषेची कधी वाण पडली नव्हती. गीतांजली खुर्चीवर बसली आणि सवयीने तिने दोन्ही तळवे मांडीखाली घातले. तिथे प्रत्येकाला खुणांचं एक नाव मिळतं. तिला मिळालं ते मांडीखाली दाबलेल्या हातांवरून.

पहिले चार महिने फार वाईट गेले. विशीतली पोरं एकदा बघून उचलायची. तिची बोटं मशीनच्या सुईखाली अचूक चालायची, पण इथे लाकडासारखी व्हायची. त्याहून अवघड चेहरा. या भाषेत भुवया, गाल, ओठ सगळं बोलण्यातच धरतात. 'का' विचारायचं तर भुवया आवळाव्याच लागतात. लहानपणापासून तिने कपाळाला आठी घातली की आई अंगठ्याने ती आठी पुसून टाकायची, 'असं तोंड नको करू' म्हणून. आता यशश्री समोर बसून म्हणायची, "भुवया कुठे आहेत? भुवयांशिवाय हा प्रश्नच नाही."

एकदा भुवयांवरूनच यशश्रीने तिला सहा वेळा थांबवलं. गीतांजली उठली, खुर्ची लाथाडली आणि निघून आली. तीन रविवार गेली नाही. चौथ्या रविवारी यशश्री स्वतः घमापुरात आली, मशीनशेजारी स्टुलावर बसली आणि अगदी सावकाश, तिला कळेल अशा खुणा करून म्हणाली, "तुझं वय झालंय म्हणून तुला येत नाही, असं नाही. चाळीस वर्षं तुझ्याशी कोणी बोललंच नाही. घाई मी केली, चूक तुझी नाही. मी नीट शिकवीन. चल."

ती गेली. आणि मग भुवया आल्या. 'का' आला. ज्या दिवशी तिला कळलं की आईच्या ओठांवरचा तो 'काहून' म्हणजे हीच खूण, ती शिवी नव्हती, तो प्रश्न होता आणि त्याला उत्तर द्यायचं असतं, त्या दिवशी ती घरी येऊन मशीनसमोर नुसती बसून राहिली. चाळीस वर्षं लोक तिला प्रश्न विचारत होते आणि ती मान खाली घालत होती. आणि तिला स्वतःला कधी, एकदाही, कोणाला 'का' विचारता आलं नव्हतं.

यानंतर ती सगळ्याला 'का' विचारत सुटली. पाऊस का, निवडणूक का, दीप्ती माहेरून आल्यावर रडते ती का. आणि एका रविवारी वर्ग सुटल्यावर तिने यशश्रीचा हात धरून तिला थांबवलं. तिला एक जुनी खूण विचारायची होती.

ती पाहिली तेव्हा गीतांजली तेवीस वर्षांची होती. घरी पाहुणे आले होते, दोन म्हातारी माणसं आणि एक तरुण. तिला नवी साडी नेसवली, पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर पाठवलं. त्या तरुणाने तिच्याकडे सरळ पाहिलं आणि हात हलवले. आधी तिच्याकडे बोट, मग दोन बोटांची एक हालचाल, मग उघडा पंजा. तिला काही कळलं नाही. तिने बशी ठेवली. त्याने तेच पुन्हा केलं, सावकाश. तेव्हा बाबा उठले आणि तिला दंडाला धरून आत घेऊन गेले. पाहुणे पोहे न संपवता निघून गेले. तिने आईच्या कोपराला हात लावला होता. आई म्हणाली होती, "काही नाही."

ती हालचाल मात्र तिच्या हातांत राहिली होती. सतरा वर्षं. कधी मोरीत, कधी गच्चीवर कपडे वाळत घालताना, कोणी नसताना, ती करून बघायची, विसरू नये म्हणून.

तिने ती यशश्रीसमोर केली.

यशश्रीने ती हालचाल स्वतःच्या हातांनी एकदा करून पाहिली. मग म्हणाली, "जुन्या पद्धतीची खूण आहे. तो विचारत होता, तुझं नाव काय?"

राग आला तो असा. रांझीच्या जिन्यावर, मिठाईच्या दुकानातून येणाऱ्या तुपाच्या वासात. तिचे कान तापले, आणि तिला आयुष्यात पहिल्यांदा ठाऊक होतं की राग कोणाचा आहे आणि कशाबद्दल आहे. एका माणसाने तिला नाव विचारलं होतं. तिला ते सांगता आलं नाही, कारण सांगायची भाषा हात रुमालाने बांधून तिच्याकडून काढून घेतली होती. बाबा तर गेले होते. त्यांच्यावर रागवायची सोयच उरली नव्हती.

घरी आल्या आल्या तिने वहीचं पान फाडलं आणि तिला येत होतं तसं लिहिलं, अर्धं हिंदीत, अर्धं मराठीत. 'आदमी आया था. पोहा. हाथ. मेरा लग्न? काहून नाही?' अक्षर तसंच देखणं. ते पान तिने आईच्या मांडीवर ठेवलं.

नर्मदाबाई पोथी वाचत होत्या. त्यांनी कागद वाचला, चष्मा काढला, पुन्हा घातला. लेकीकडे बघून म्हणाल्या, "काही नाही."

गीतांजलीने डोळे मिटून घेतले.

घरच्यांना आधी समजलंच नाही. आई बोलली, तिने डोळे उघडले नाहीत. आईने खांदा हलवला, तेव्हा उघडले, पण आईचे ओठ हलायला लागले की पुन्हा मिटले. रात्री योगेंद्र आला, त्याने समोर उभं राहून विचारलं, "हे काय नाटक करून राहिली तू?" तिने डोळे मिटले. तो ओरडला असावा, कारण दीप्ती धावत आली. बहिऱ्या माणसाने डोळे मिटले की त्याच्यापर्यंत पोचायचा रस्ताच राहत नाही, हे त्या घराला त्या दिवशी कळलं. आतापर्यंत तिच्याशी बोलायचं की नाही ते घर ठरवत होतं. आता ती ठरवत होती.

तिने कामं सोडली नाहीत. पोळ्या केल्या, साड्यांना फॉल लावले. फक्त कोणाच्या तोंडाकडे बघायचं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी योगेंद्रने चहासाठी रिकामा कप पुढे केला. तिने कप बाजूला ठेवला आणि 'चहा' ही खूण करून दाखवली. सोपी खूण आहे, लहान मूलही करेल. योगेंद्र हसला. तिने पुन्हा केली आणि थांबली. आता तो हसला नाही. "म्हणजे मी माकडासारखे हात हलवू? माझ्याच घरात?" म्हणाला आणि चहा न पिता ऑफिसला गेला. पुढच्या दिवशीही तसाच. मग तो कोपऱ्यावरच्या टपरीवर चहा प्यायला लागला.

आपण बाबांसारखंच करतो आहोत हे तिला कळत होतं. कळूनही तिने ते केलं, आणि तिला त्यात बरं वाटलं. हे ती आजही लपवत नाही.

दीप्तीने मात्र त्या दिवसांत एक काम केलं. दुपारी फोनवर खुणांच्या भाषेचे व्हिडिओ लावून ती स्वयंपाकघरात उभ्या उभ्या शिकायची. सहाव्या दिवशी ती मशीनसमोर येऊन उभी राहिली आणि चुकतमाकत म्हणाली, "ताई, माझ्याशी बोल. मी घरात एकटी." त्यातली 'एकटी'ची खूण तिने चुकीची केली होती, तिथे भलताच शब्द झाला होता. गीतांजलीने तिची बोटं धरून नीट केली. तिच्याकडे बघताना मग तिने डोळे मिटले नाहीत.

नवव्या दिवशी नर्मदाबाईंनी एक कागद लिहिला आणि मशीनवर ठेवला. मराठीत होता, लांबलचक. गीतांजलीला त्यातलं थोडं कळलं, बाकीचं दीप्तीने खुणा करून, नक्कल करून, चित्र काढून समजावलं.

मुलगा मझौलीचा होता. शालिग्राम नाव. बहिरा. सुतारकाम करायचा, घरचे चांगले होते, त्यांना मुलगी पसंत होती. बाबा म्हणाले, दोघंही तसे, पोरंही तशीच होतील, लोक हसतील. आपल्या घरात ती सुखी आहे. तुला त्रास होऊ नये म्हणून नाही म्हटलं.

गीतांजलीने कागद उलटा केला आणि मागे लिहिलं, 'मला विचारलं काहून नाही?'

नर्मदाबाईंनी ते वाचलं. पेन उचलून परत खाली ठेवलं. शेवटी तोंडानेच बोलल्या, आणि गीतांजलीने या वेळी डोळे उघडे ठेवले होते.

"विचारणार कसं होतो बाई आम्ही तुला?"

दीप्तीने ते हातांनी सांगितलं. गीतांजलीने टेबलावर थाप मारली, इतक्या जोरात की बॉबिनचा डबा खाली सांडला. मग तिचे हात चालले आणि दीप्तीला ते सगळं सांगता येईना, म्हणून ती फक्त शेवटचं बोलली, आईंकडे न बघता. "त्या म्हणतात, हेच. तुमच्याकडे मला विचारायला काही नव्हतं, आणि ते शिकायला तुम्हाला चाळीस वर्षं होती. त्या म्हणतात, मी चाळिशीत शिकले. तुम्ही तेव्हा तिशीच्या होत्या."

नर्मदाबाई रडल्या. गीतांजलीने त्यांना जवळ घेतलं नाही. सांडलेल्या बॉबिन गोळा केल्या आणि मशीन चालू केलं.

नर्मदाबाई तेव्हा अडुसष्ट वर्षांच्या होत्या, बोटांचे सांधे सुजलेले. पण त्या शिकायला बसल्या. दीप्ती शिकवायची, मधूनमधून गीतांजली. आईवर ती फार चिडायची. खूण चुकली की आईचा हात झटकायची, पुन्हा कर म्हणायची. एकदा दीप्तीने सांगितलं, "ताई, इतना मत डांटो, उनका हाथ दुखता है." तेव्हा ती म्हणाली, "माझेही दुखायचे." पण दुसऱ्या दिवशी तिने आईच्या बोटांना तेल लावून दिलं, आणि मग पुन्हा चिडून शिकवलं. वर्षभरात नर्मदाबाईंना दीडेकशे खुणा आल्या. त्यांचं व्याकरण भयंकर आहे. पण जेवताना कोणी हसलं तर त्या आता हातातला घास खाली ठेवतात, बोटं पुसतात आणि का हसले ते लेकीला सांगतात.

आईला माफ केलं का, असं यशश्रीने एकदा विचारलं होतं. गीतांजली म्हणाली, "ठरलं नाही अजून."

योगेंद्र शिकला नाही. त्याला टपरीचा चहा आवडायला लागला. बहिणीला काही सांगायचं असेल तर तो बायकोला सांगतो.

दोन वर्षांपूर्वी सप्टेंबरमध्ये बहिऱ्यांच्या दिवसाचा कार्यक्रम झाला, एका सभागृहात. पाहुणे कोणी मोठे होते. त्यांनी अर्धा तास भाषण केलं, की माणसाच्या आत अफाट शक्ती असते, ती ओळखली पाहिजे, मनात आणलं तर कोणत्याही वयात काहीही शिकता येतं, आपणच आपल्याला अडवतो. शेजारी उभा दुभाषी ते खुणांत सांगत होता. नंतर विचारलं, कोणाला काही म्हणायचं आहे का. गीतांजली मंचावर गेली. तोवर वर्गात तिचं जुनं नाव बदललं होतं. बहिऱ्यांमध्ये नाव सहसा बदलत नाहीत, पण तिने यशश्रीशी भांडून बदलून घेतलं. आता तिचं नाव होतं आवळलेल्या भुवयांवरून.

तिने पाहुण्यांना सांगितलं, "मी स्वतःला अडवलं नाही. मला बांधलं होतं. माझ्यात शक्ती होती की नाही हे मला नका सांगू. मी चार वर्षांची होते तेव्हाही ती होती. इथे बसलेल्या आईबापांना सांगा की घरी जाऊन मुलांचे हात मोकळे सोडा."

दुभाष्याने माइकमध्ये सांगितलं, "दीदी कह रही हैं कि आपकी बातों से बहुत प्रेरणा मिली. माता-पिता को धन्यवाद."

टाळ्या झाल्या. गीतांजलीला हलणारे हात दिसले आणि क्षणभर ती खूश झाली. मग तिला तिसऱ्या रांगेत दीप्ती उभी राहिलेली दिसली. दीप्तीचा चेहरा पडला होता. दीप्तीने तिथूनच, सगळ्या सभागृहासमोर, हातांनी सांगितलं की तो खोटं बोलला.

गीतांजली मंचावरून उतरली नाही. तिने दीप्तीला वर बोलावलं, दुभाष्याच्या हातातून माइक काढून तिच्या हातात दिला आणि पहिल्यापासून पुन्हा सांगितलं, एकेक वाक्य, दीप्तीला झेपेल असं. तीन-चार ठिकाणी दीप्तीला खूण कळली नाही, तेव्हा ती थांबली, पुन्हा विचारली, मग बोलली. पाहुणे घड्याळ बघत होते. या वेळी टाळ्या झाल्या नाहीत. मागच्या रांगेतून एक बाई उठली आणि आपल्या पाच-सहा वर्षांच्या मुलीला घेऊन मंचाच्या पायऱ्यांशी येऊन उभी राहिली. तिला रांझीचा पत्ता हवा होता.

आता गीतांजली त्रेचाळीस वर्षांची आहे. खुणांच्या भाषेचे शिक्षक घडवणारा दोन वर्षांचा एक अभ्यासक्रम आहे, खास बहिऱ्यांसाठी. त्याला बारावी लागते. म्हणून तिने मुक्त शाळेतून दहावीचे पेपर दिले. चार विषय सुटले, हिंदी राहिली. निकाल बघून तिने फोन गादीवर फेकला. हिंदीत तिला ती जे म्हणते ते लिहिता येतं, पण मात्रा, लिंग, वचन तिला कोणी कानात सांगितलेलं नाही. ते सगळं तिला दगडासारखं एकेक उचलून पाठ करावं लागतं. ऑक्टोबरात ती पुन्हा बसणार आहे. मध्ये यशश्री म्हणाली, की बारावी नसली तरी वर्गात मदतनीस म्हणून शिकव, तेही चांगलंच काम आहे. गीतांजलीला तो सल्ला अपमानासारखा लागला. तिला मदतनीस व्हायचं नाही.

तरी रविवारी ती शिकवते. विशेषतः जे उशिरा आले त्यांना, कारण त्यांच्याशी कसं बोलायचं हे विशीतल्या पोरांना जमत नाही. छप्पन वर्षांचा गणपत म्हणून एक जण आला होता, त्याच्याकडे कसलीच भाषा नव्हती. वहिनी त्याला सोडून जाताना म्हणाली होती, "बडे शांत हैं, कभी गुस्सा नहीं करते." सातव्या आठवड्यात गणपतने कोणीतरी आपली खुर्ची घेतली म्हणून वर्गात आरडाओरडा केला, वही फेकली. बाकीचे घाबरले. गीतांजलीने त्याला 'माझी' आणि 'खुर्ची' या दोन खुणा एकापुढे एक जोडून दाखवल्या, आणि तो त्या करेपर्यंत खुर्ची परत मिळू दिली नाही. त्याने केल्या. बसला. मग उठून पुन्हा एकदा केल्या, कोणी मागितलं नसताना.

दीप्तीही येते रविवारी. दुभाषी व्हायचं तिच्या मनात आलं आहे आणि योगेंद्रला ते पसंत नाही, यावरून त्यांच्या खोलीत रोज कुरबुर असते. गेल्या रविवारी रांझीहून परत येताना नणंद-भावजयींचंच जुंपलं. गीतांजलीचं म्हणणं, की वर्गात दीप्ती गणपतच्या वतीने उत्तर देऊन टाकते, त्याला थांबू देत नाही. दीप्तीचं म्हणणं, की ताई सगळ्यांसमोर बोलल्या, एकटीला सांगायचं. स्कूटर चालवताना दीप्तीचे हात हँडलवर, त्यामुळे भांडण फक्त सिग्नलला व्हायचं. दिवा लाल झाला की दीप्ती पाय टेकवून मागे वळायची आणि भराभर आपलं म्हणणं मांडायची. मागे बसलेली गीतांजली तेवढ्याच जोरात उत्तर द्यायची. हिरवा झाला की तसंच अर्धवट सोडून पुढे. आयुष्यात तिचं कोणाशी असं भांडण झालं नव्हतं. दोन्ही बाजूंनी बोलणं असलेलं.

घमापुरच्या अलीकडच्या सिग्नलला दीप्ती म्हणाली, की पुढच्या रविवारपासून मी येणारच नाही. गीतांजली म्हणाली, की नको येऊस, पण आधी माझं ऐक, तू मघाशी 'समोर'ची खूणसुद्धा चुकीची केलीस. दिवा हिरवा झाला. मागून रिक्षांचे हॉर्न सुरू झाले. दीप्तीला ते ऐकू येत होते. गीतांजलीचं अजून संपलं नव्हतं.